बंद जवारी

"तंबोरा तुमच्याकडंच आहे ना हो? अजून नेला नाही ना?"

बाई रिक्षातून पुरत्या उतरल्याही नव्हत्या. एक पाय खाली, एक आत, काखेत कापडी पिशवी. मी दुकानाच्या पायरीवर बसून सतारीच्या दांडीला पॉलिश मारत होतो. त्या आठवड्यात अख्खी मिरज एकाच तंबोऱ्याबद्दल विचारत होती, तरी मी मुद्दामच म्हटलं, "कुठला तंबोरा?"

"बुवांचा. तेरदाळकरबुवांचा."

"आहे की. उद्या अकराला संग्रहालयाचा टेम्पो येतोय न्यायला."

"म्हणजे पोचले मी," असं म्हणून त्या माझ्याच शेजारी पायरीवर टेकल्या आणि पदरानं घाम टिपायला लागल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा. धारवाडहून पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. नाव मंदाकिनी कट्टी. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ही माझी चूक नव्हती. एकोणीस वर्षं त्या बुवांच्या मागं तंबोरा घेऊन बसल्या होत्या, आणि मागं बसणाऱ्यांची नावं आमच्याकडं कोण लक्षात ठेवतो?

छत्तीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो आणि माझ्यासारखा कारागीर मिरजेत दुसरा नाही, असं माझं ठाम मत होतं. मत माझं एकट्याचंच नव्हतं. नवं संग्रहालय होणार म्हणून पेपरात रोज काही ना काही येत होतं. एक लिहायचा, वाद्यं जपली पाहिजेत. दुसरा लिहायचा, वाद्य काचेत ठेवणं म्हणजे त्याला मूठमाती देणं. वाचकांच्या पत्रांत नुसती जुंपली होती. त्या सगळ्यात एका बातमीत ओळ होती: 'तेरदाळकरबुवांचा तंबोरा मिरजेचे कुशल कारागीर शब्बीर सतारमेकर यांच्या हाती देण्यात आला आहे.' मी ती कापून कपाटाच्या काचेवर चिकटवली होती. दस्तगीरचाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, येता-जाता म्हणायचे, "लग्नाचा फोटो तरी लावला होतास काय रे एवढ्या हौसेनं?"

बाईंनीही तीच बातमी वाचली होती. बेळगावचा पेपर, तोही एक दिवस शिळा.

"मला एकदा ऐकायचाय तो," त्या म्हणाल्या. "काचेत जायच्या आधी. पाच मिनिटं बसू द्या, मग मी जाते."

बुवा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या मुलानं तंबोरा पुण्याला नेऊन माळ्यावर ठेवला होता. बाईंनी त्याला पत्रं घातली, एकदा पुण्याला जाऊनही आल्या. "धूळ फार आहे, काढणं अवघड आहे," असं सांगून त्यानं चहा पाजून परत पाठवलं. शेवटी त्यानं तो संग्रहालयाला देऊन टाकला, आणि संग्रहालयानं भोपळ्याची चीर सांधायला आमच्याकडं धाडला.

"पाच मिनिटं कशाला?" मी म्हटलं. "दिवसभर ऐका. घरचंच दुकान आहे."

मी तंबोरा आणून चटईवर ठेवला. बाईंनी पिशवी कोपऱ्यात सारली, पाय दुमडले आणि तंबोरा मांडीशी घेतला. कुणी नातवाला घ्यावं तसा घेतला. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. पंचम लागला, मधल्या दोन तारांची जोड लागली, खरज लागला. मग त्यांनी चारी तारांवरून बोटं फिरवली आणि दुकान भरून गेलं. काय झणकार होता! माझी छाती फुगली. मी चाचांकडं बघून डोळाही मारला.

बाईंचा हात थांबला. नाद जुळवायला त्यांनी तारेखालचा दोरा जरा सरकवला, परत छेडलं. परत थांबल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी तळवा आडवा ठेवून चारी तारा गप्प केल्या.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या.

"असं कसं? तोच आहे. हे बघा, भोपळ्यावर बुवांचं नाव कोरलंय."

"नाव तेच आहे हो. आवाज हा नव्हे. लई वाजतोय हा."

मी हसलो. "वाजणारच की! काल मी जवारी काढलीय. आला तेव्हा काय अवस्था होती त्याची! पार बंद पडलेली जवारी. मुका झाला होता बिचारा."

चाचांच्या हातातली पटाशी थांबली. बाई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

जवारी म्हणजे काय ते सांगतो. तंबोऱ्याच्या तारा एका घोडीवरून जातात. ती हाडाची किंवा शिंगाची असते. तिचा माथा कानशीनं घासून असा उतार द्यायचा की तार त्याला नुसती चाटून जाईल. मग तारेतून तो भुंग्यासारखा नाद उठतो. उतार कमी-जास्त झाला की नाद बदलतो. उघडा नाद हवा तर खुली जवारी, दबका आणि गोल हवा तर बंद. वाजवून वाजवून घोडीला चर पडतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी जवारी परत काढावी लागते. काढली की आधीची गेली. केसभर हाड उडतं, फुंकर मारली की संपलं.

संग्रहालयाच्या देवस्थळीसाहेबांनी मला बजावलं होतं, "फक्त चीर सांधा. बाकी कशाला हात लावू नका. वाजवायचा नाहीये, दिसला की झालं." हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. आमच्या दुकानाचा रिवाज होता, अब्बांनी घालून दिलेला: या उंबऱ्यातून मुकं वाद्य बाहेर जायचं नाही. मग ते काचेत जावो नाहीतर माळ्यावर. साहेबाला काय कळतंय वाद्यातलं, असं म्हणत मी कानस उचलली होती. पुरती वीस मिनिटंही लागली नव्हती.

"ती बंद पडलेली नव्हती हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तशी करून घेतली होती. बुवांनी तुमच्या वडिलांकडून, गुलाबभाईंकडून. तीन दिवस बसले होते दोघं इथं. मी होते की. नंतर दर दोन वर्षांनी ते तशीच काढून द्यायचे. बुवांना लई झणकार खपायचा नाही. ते म्हणायचे, तंबोऱ्यानं माझ्याआधी बोलू नये."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पिशवी शोधायला लागल्या.

"थांबा ताई," मी म्हटलं. "मी परत करून देतो. उद्या अकरापर्यंत वेळ आहे."

"काढलेलं हाड परत चिकटवणार काय रे?" चाचा म्हणाले.

"उतार गोल केला की जवारी बंद होतीय. हातचा मळ आहे माझ्या. ताई, तुम्ही फक्त ऐका आणि सांगा."

बाई परत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा आली की मला तिकडं बघवेना.

मग सुरू झालं. मी तारा सैल करायचो, घोडीचा माथा घासायचो, तारा चढवायचो, त्या छेडायच्या. "नाही. अजून आत पाहिजे." परत घासायचो. "आता बसला, पण कोरडा झाला." परत. "खरज बरा आहे, जोड नाही." चाचांनी जेवायला हाक मारली, कुणी उठलं नाही. शेवटी चाची ताटं घेऊन दुकानातच आल्या, आणि बाई एका हातानं भाकरी खात दुसऱ्या हातानं तार छेडत राहिल्या.

दुपारी मी वैतागलो. "आत म्हणजे नेमकं किती आत, ते सांगा की."

"ते मला कसं सांगता येणार? तुमचे वडील विचारायचे नाहीत. दोनदा कानस फिरवायचे, खाली ठेवायचे आणि बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपर्यंत चालून यायचे. आले की एकदाच छेडायचे. परत दोनदा कानस, परत बाहेर. बुवा म्हणायचे, गुलाबभाई कान ताजा करून येतात."

अब्बांच्या त्या फेऱ्या मी जन्मभर बघितल्या होत्या. मला वाटायचं, विडी ओढायला जातात. कामाच्या मधेच उठतात म्हणून मी त्यांच्यावर चिडायचोसुद्धा. "तुम्ही दिवसाला एक जवारी काढता, मी चार काढतो," असं एकदा तोंडावर म्हणालो होतो. अब्बा तेव्हा उठून बाहेर गेले होते.

"विडी पण ओढायचा हां," चाचा म्हणाले. "खोटं कशाला सांगू."

बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

संध्याकाळ झाली तरी जमलं नव्हतं. घोडी आता इतकी उतरली होती की अजून फार घासलं असतं तर तार खालच्या लाकडी तबलीला टेकली असती. बाईंनीच माझा हात धरून थांबवला.

"राहू दे. तुमच्या वडिलांनी जवारी काढलेला दुसरा एखादा तंबोरा गावात असेलच की. एवढे तंबोरे केले त्यांनी. बुवांचा नसला तरी हात तोच. तेवढा ऐकते आणि जाते."

"असेल की," मी म्हटलं. "चाचा, कुरुंदवाडच्या देवळातला?"

"तो तू मागच्या दिवाळीत काढलास."

"गायन शाळेतले दोन?"

"ते पण तूच."

"डॉक्टरीणबाईंचा?"

"तुझा अब्बा गेला त्याच महिन्यात आणला होता त्यांनी. तूच म्हणालास, जुनी पद्धत आहे, खुली करून देतो." चाचांनी अजून चार-पाच नावं घेतली आणि प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. मग ते पटाशी पुसत बसले.

अब्बांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत जे वाद्य दुकानात आलं, त्याची जवारी मी माझ्या हातानं खुली केली होती. नव्या गायकांना ती आवडायची. लोक म्हणायचे, पोरानं बापाच्या पुढं मजल मारली. ऐकायला किती गोड वाटायचं! आणि या एकाच तंबोऱ्यावर, माळ्यावर धूळ खात पडल्यामुळं, अब्बांचा हात शिल्लक राहिला होता. त्याच्यावरून मी काल वीस मिनिटांत, शीळ घालत, कानस फिरवली होती.

मी दुकानाच्या मागं जाऊन भोपळ्यांच्या ढिगाशी बसून रडलो. अब्बा गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो. त्यांची टोपी होती, चष्मा होता, त्यांच्या हातची हत्यारं होती, म्हणून मला वाटत होतं की ते आहेतच घरात.

बाई त्या दिवशी चाचींकडंच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच अंघोळ करून दुकानात येऊन बसल्या. मी रात्रीत एक नवी घोडी शोधून ठेवली होती, अब्बांच्या जुन्या शिंगातली.

"हिच्यावर करून बघतो," मी म्हटलं. "पण बोलून मला कळत नाहीये ताई. तुमच्या डोक्यात तो वाजतोय ना? मग तसा म्हणून दाखवा."

"तंबोरा म्हणून दाखवू?"

"हां."

त्या लाजल्या. चाचांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. मग डोळे मिटले, ओठ मिटले आणि नाकातून, गळ्यातून, छातीतून कुठूनसा एक स्वर धरला. आधी नुसता घुमारा होता. मग ओठ जरासे सुटले आणि त्या घुमाऱ्याच्या कडेला बारीक नाद उमटला, दबका, गोल. पंचम, जोड, जोड, खरज. परत पंचम.

चाचा उठून उभे राहिले. "गुलाबा," ते म्हणाले.

मी शाळेतून यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं की अब्बा दुकानात आहेत. कशावरून कळायचं, ते मला त्या सकाळी कळलं. तो नाद माझ्या ओळखीचा होता. पंधरा वर्षं मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि तो नाद कधी ऐकलाच नव्हता. आणि तरी तो माझ्या कानात होता.

"परत म्हणा," मी म्हटलं.

त्यांनी म्हटलं. मी कानस दोनदा फिरवली, खाली ठेवली आणि पानाच्या गादीपर्यंत चालून आलो. छेडून बघितलं. नाही. परत त्यांना म्हणायला लावलं, परत कानस, परत फेरी. पाच फेऱ्या झाल्या, सात झाल्या. पानवाला विचारायला लागला, काय हरवलंय काय शब्बीरभाई? नादाच्या जवळ गेलो, अगदी जवळ गेलो, पण तो आला नाही. अब्बांना तीन दिवस लागले होते, आणि ते अब्बा होते.

अकराला टेम्पो आला. देवस्थळीसाहेब उतरले, त्यांनी तंबोरा चहूबाजूंनी न्याहाळला, भोपळ्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि खूश झाले. मग पावती पुढं केली. तिच्यात छापलेलं होतं, 'वस्तू मूळ स्थितीत परत मिळाली.'

"मूळ स्थितीत नाहीये," मी म्हटलं. "घोडी बदललीय. जवारी माझी आहे. जुनी घोडी ही घ्या, तिचीही जवारी मी घालवलीय."

साहेबांचा चेहरा उतरला. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं."

"कशाला केलंत मग?"

मी पेन त्यांच्यापुढं केलं. त्यांनी पावतीवरच तसं लिहून घेतलं. ते सज्जन होते, बोंबाबोंब केली नाही, पण नंतर त्यांनी आमच्याकडं दुसरं वाद्य पाठवलं नाही. तंबोरा काचेत गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'बुवांचा नाद आता पिढ्यान्‌पिढ्या जपला जाणार.' मी ते कापून ठेवलं नाही. आणि गेल्या महिन्यात तिथल्या नव्या साहेबबाईंचा फोन आला. आता काचेपुढं बटण बसवायचंय, दाबलं की त्या वाद्याचा मूळ आवाज ऐकू येईल, त्यासाठी ध्वनिमुद्रण करायचंय, तुम्ही याल का? मी म्हटलं, तुमच्याकडं जुनी पावती असेल, ती आधी वाचा. नंतर फोन आला नाही. मंदाताई कधीच गेल्या, धारवाडलाच. एका संगीतसभेच्या पत्रिकेत दोन ओळींची श्रद्धांजली आली होती, असं कुणीतरी सांगितलं.

त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. धारवाडची गाडी लागलेलीच होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. चाचींनी बांधून दिलेला डबा मांडीवर घेऊन त्या बसल्या. मी खाली उभा.

"तुमचं काम झालं नाही ताई," मी म्हटलं. "इतक्या लांबून आलात."

"असू दे की. भाकरी खाल्ली, गुलाबभाईंचं घर बघितलं."

कंडक्टर चढला. मला एकदम भीती वाटली. गाडी गेली की संपणार होतं सगळं. तंबोरा गेला होता, घोडी गेली होती, आता जवारी व्हायची नव्हती. तरी मी खिडकीची दांडी धरली.

"ताई, एकदा म्हणा की. शेवटचं."

"इथं? एवढ्या गलक्यात?"

"माझ्यासाठी म्हणा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीच्या बाहेर जरा वाकल्या, डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. पंचम, जोड, जोड, खरज. मी दांडीला कान लावल्यासारखा उभा होतो. शेजारी कुणी निपाणी-निपाणी ओरडत होतं, इंजिन धडधडत होतं, तरी त्या सगळ्यातून मला अब्बा दुकानात बसलेले ऐकू येत होते.

बाईंनी डोळे उघडले. "येतंय ऐकू तुम्हाला?"

"येतंय ताई."

"मला नाही हो येत," त्या म्हणाल्या. "आपल्याच गळ्यातलं, आतून नुसतं घुमतंय. बाहेर कसं पडतंय ते आपल्याला कळत नाही. कसा आहे हो? तसाच आहे?"

"तसाच आहे," मी म्हटलं.

"झणकार नाही ना लई?"

"नाही ताई. गोल आहे. आत आहे."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून परत धरला. गाडी हलली तरी त्या थांबल्या नाहीत. मी खिडकीला धरून फाटकापर्यंत चालत गेलो, आणि त्या म्हणत होत्या तोवर त्यांना सांगत राहिलो, तसाच आहे, तसाच आहे.